आधी दोर, मग गोऱ्हा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘म्होरक्या’ असा एकच शब्द कळविला. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की, यंदा राजकीय विषय टाळावेत असे ठरले आहे, तरी दुसरा काही विषय सुचवावा. मग खुलासा करावा लागला. पुढारी तो म्होरक्या हे खरे. पण एक म्होरकी, दोन म्होरक्या, अशाही म्होरक्या असतात, आणि त्या गुरांच्या डोक्याला असतात. दोन्ही शब्द ‘म्होरे’ म्हणजे ‘पुढे’ या एकाच घरचे दिसतात. फरक एवढाच की, एक आपण होऊन पुढे चालतो आणि दुसरीला धरून पुढे न्यावे लागते. चालक हसले आणि विषय मंजूर झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात वसंतातल्या व्यासपीठांवर नाना विषय येऊन गेले. दोराचा विषय आला असल्यास आमच्या कानावर नाही. आज तो येत आहे.

शहरातल्या श्रोत्यांसाठी आधी वस्तूची ओळख करून देतो. म्होरकी म्हणजे वासराच्या किंवा बैलाच्या डोक्याला घालायचा दोराचा साज. तिचा एक वेढा शिंगांच्या व कानांच्या मागून जातो, दुसरा नाकाडावरून, आणि या दोहोंना सांधणारा दोर हनुवटीखालून निघून माणसाच्या हाती येतो. वेसण निराळी; ती नाकाच्या पडद्याला भोक पाडून त्यातून ओवतात. कासरा निराळा, तो हाकणाऱ्याच्या हातातला लांब दोर. दावे निराळे, ते गळ्यात असते आणि त्याचे दुसरे टोक खुंट्याला. मराठी भाषेने यांतल्या तिघांचा चांगला मान राखला आहे. आपण खर्चाला वेसण घालतो, मुलांचा कासरा ढिला सोडतो, आणि सत्तेच्या दावणीला कोणाकोणाला बांधलेले पाहतो. म्होरकीच्या वाट्याला मात्र एकही वाक्प्रचार आलेला आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला वाटते, याचे कारण असे की वेसणीचा धाक दिसतो आणि म्होरकीचे काम दिसत नाही. शिवाय म्होरकी जनावराच्या आयुष्यात वेसणीच्या आधी येते. बालपणीच्या मास्तरांची आठवण कोण ठेवतो?

आमचे गाव हिंगणी. हिंगणी म्हटले की पुण्यामुंबईकडचा माणूस एक तर हिंगणघाट समजतो, नाही तर अण्णासाहेब कर्व्यांचे हिंगणे. हे दोन्ही नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले हे गाव. बोर धरणाकडे जाणारा रस्ता हिंगणीवरून जातो, म्हणून सहलीला जाणाऱ्यांनी ते मोटारीच्या काचेतून पाहिले असेल. धरणाच्या भोवतालचे रान १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. रानाला लागून असलेल्या गावात गुरांची काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. तेथे दोर हा बांधण्याचाही प्रश्न असतो आणि वेळेवर सोडण्याचाही.

आमच्याकडची गुरे म्हणजे गवळाऊ. वर्धा आणि नागपूर जिल्हे, व मध्यप्रदेशातले छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा या जातीचा मुलूख. रंग पांढरा, वळूच्या मानेवर आणि वशिंडावर करडी छटा. तोंड अरुंद व लांबट, शिंगे आखूड, अंग सडपातळ. ओंगोल जातीशी तिचे नाते जोडतात. ओझ्यापेक्षा चालीसाठी ही जात नावाजलेली आहे. मराठ्यांच्या फौजांनी डोंगराळ मुलखात सामान झपाट्याने नेण्यासाठी तिचा उपयोग केला, असे सांगत आले आहेत. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. हे सगळे सांगण्याचे कारण असे की, हे जनावर चपळ, तसेच मनाने हळवे. जड, शांत प्रकृतीच्या बैलाला दोर टोचला तर तो सोसतो. गवळाऊ गोऱ्ह्याला दोर टोचला की तो लक्षात ठेवतो. निदान आमचा अनुभव असा आहे, आणि तो अनुभव आम्हाला स्वतःच्या चुकीने मिळाला. तीच गोष्ट आता सांगतो.

साठ वर्षांपूर्वीची हकीकत. आम्ही अकरा वर्षांचे होतो. घरी दीड वर्षाचा एक गोऱ्हा होता, दुधासारखा पांढरा, शिंगे बोटभर. पोळा आला. पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवा कासरा, नवी म्होरकी घालतात हे तुम्हाला ठाऊक असेल. आदल्या संध्याकाळी कामकरी बैलांचे खांदे शेकले जातात, दुसऱ्या दिवशी गावचे सारे बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि बैल घरोघर पूजेला जातात. आमच्या गोऱ्ह्याला अजून जू लागलेले नव्हते, त्यामुळे तोरणाखाली त्याचे काही काम नव्हते. पण आमचा हट्ट. सेलूच्या बाजारातून एक नवीकोरी म्होरकी आणवून घेतली, ती दोन दिवस खाटेखाली लपवून ठेवली, आणि पोळ्याच्या सकाळी कोणाला न विचारता गोऱ्ह्याच्या तोंडात चढविली. दोर अंबाडीचा, पीळ कडक, अंगावर कुसळासारखे तंतू उभे. आम्हाला तो फार देखणा वाटला.

वाजंत्री सुरू झाली तसा गोऱ्हा बिचकला आणि मागे सरला. आम्ही ओढले. दोर नाकाडावर आवळला. दुखले म्हणून गोऱ्हा एक पाऊल पुढे आला. आम्हाला वाटले, जमले. पण दोर आवळला तो आवळलेलाच राहिला. गोऱ्हा पुन्हा मागे सरला, आम्ही पुन्हा ओढले. असे दहा-वीस वेळा झाले असेल. मग पाऊस आला. पोळ्याला पाऊस नसला तर शेतकऱ्याला चैन पडत नाही. त्या दिवशी तो भरपूर होता. आम्ही गोऱ्ह्याला कोठ्यात आणून बांधला आणि पुरणपोळी खायला पळालो. म्होरकी रात्रभर तशीच होती.

सकाळी गोऱ्ह्याचे तोंड सुजले होते आणि श्वासाला शीळ येत होती. नाकाडावर दोराने आडवी चीर पाडली होती. दिवस पावसाळ्याचे, माश्यांचे. आठवड्याच्या आत जखमेत अळ्या पडल्या. सीताफळीचा पाला वाटून भरला, टर्पेंटाइनचे बोळे लावले, आणि महिन्याभराने जखम भरली. राहिली ती गोष्ट दुसरीच होती. तो गोऱ्हा पुढे जुवाला लागला, बंडीला चांगला चालला, पण तोंडाजवळ हात गेला की मान झटकून मागे सरे. तिसऱ्या वर्षी वडिलांनी त्याला बाजारात नेले. गुरांच्या बाजारात घेणारा आधी दात पाहतो, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाइकाने तोंडाकडे हात नेला, गोऱ्ह्याने मान उसळली, आणि ‘मारका आहे’ असा शब्द बाजारभर झाला. तो मारका नव्हता. पण रुमालाखाली बोटे धरून जो भाव ठरला तो मारक्या बैलाचाच ठरला. परतताना वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आमच्या घरी एक म्हातारे सालदार होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू, ते आम्हाला बाबू म्हणत. जखम धुताना ते एकच वाक्य बोलले: “बाबू, आंधी दोराले शिकव, मंग गोऱ्ह्याले.” आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आमचा हात पुढे घेतला, ती नवी म्होरकी मनगटाच्या वर अडकविली, हिसका दिला आणि दोर सोडून दिला. दोर सोडल्यावरही वेढा तसाच आवळलेला! मग खुंटीवरची एक जुनी, काळवंडलेली म्होरकी काढली, तशीच अडकविली, तसाच हिसका दिला, आणि सोडताच ती आपल्याच वजनाने सैल पडून कोपरापर्यंत घसरली.

आजचे सगळे व्याख्यान या दोन हिसक्यांमध्ये आहे. नवा दोर कातडे सोलतो, हे कोणालाही दिसते. त्यासाठी व्याख्यान नको. पण त्याचा मोठा दोष असा की त्याला सैल पडता येत नाही. म्होरकीने गोऱ्हा शिकतो तो ओढण्याने शिकत नाही. ओढण्याने त्याला फक्त अडचण कळते. एक पाऊल पुढे टाकताच अडचण नाहीशी झाली, तरच त्याला पुढे येण्याचा अर्थ कळतो. ताठ दोर आवळतो चांगला, पण माणसाने हात सैल केला तरी तो फासातून मागे सरकत नाही. म्हणजे गोऱ्ह्याने ऐकले तरी शिक्षा चालूच. अशा शाळेत कोणता विद्यार्थी टिकेल? माणसाच्या मनात दया असेल, हातही हलका असेल, पण मधला दोर ती दया पोचवीत नाही.

आता हा दोर येतो कोठून, ते पाहू. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर अंबाडी पेरीत. तिची पाने भाजीला, बी निराळे, आणि ताटांचा वाख. ताटे पाण्यात कुजत घालायची, दोन-तीन आठवड्यांनी साल सुटे, आणि त्या दिवसांत नाल्याकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल न बोललेले बरे. सण म्हणजे ताग, त्याचा दोर पाण्यात जास्त टिकतो, म्हणून मासेमारीची जाळीही त्याची करीत. कापसाचा दोर सर्वांत मऊ. पण कापसाच्या जिल्ह्यातसुद्धा म्होरकीसाठी कापूस खर्चणारे घर विरळा. त्यापेक्षा नाकाडावरच्या भागाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळणे लोकांना परवडे.

दोर वळणे हे काम पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुत्याची ती सारी व्यवस्था त्यात वाचायला मिळते. वाख ठोकून, विंचरून, त्याचे पेड पिळायचे, आणि तीन पेड एकमेकांवर उलट्या दिशेने वळायचे. पेडाचा पीळ एका अंगाचा आणि दोराचा दुसऱ्या अंगाचा. एक सुटू पाहतो तेव्हा दुसरा घट्ट होतो, आणि दोघे मिळून दोर टिकवितात. बंडीवरचे ओझे आवळायचा दोर कडक पिळाचा हवा, म्होरकीचा मऊ पिळाचा. चांगला कारागीर गिऱ्हाइकाला विचारी, कशासाठी पाहिजे? आम्ही बाजारातून आणविलेला दोर बहुधा ओझ्याचाच असावा.

कारागीर घरी येऊन गोऱ्ह्याच्या तोंडाचे माप घेई. वितीने नाकाड मोजी, कानामागून बोट फिरवी, गोऱ्हा निमूट उभा राही. आम्ही हे लहानपणी पाहिले आहे. आणि हेही पाहिले आहे की, ज्याचा हात आमच्या बैलाच्या तोंडावरून फिरे त्याला आमच्या ओसरीची पायरी चढता येत नसे, त्याला पाणी वरून ओतले जाई, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्याच दोराला हळदकुंकू लागे. त्या वेळी यात काही विपरीत आहे असे आम्हाला वाटले नाही, याची आज लाज वाटते. याच समाजातून अण्णा भाऊ साठे आले, आणि ‘फकिरा’ १९५९ साली आली. या घरांतल्या मुलांनी पुढे दोर वळणे सोडले, शाळा धरली, नोकऱ्या धरल्या. जुन्या हस्तव्यवसायाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की त्यांनी का सोडू नये? त्यांच्या हातचे ज्ञान गेले याची हळहळ आम्हाला आहे. पण ते ज्ञान त्यांच्याचकडे राहावे आणि आपण मात्र त्याचा दोर वापरावा, अशी ती हळहळ नसावी.

दोर हाती आला म्हणजे पुढचे काम घरच्यांचे. काकांनी आम्हाला ते पुढच्या वर्षी, पोळ्याच्या चांगले तीन आठवडे आधी, शिकविले. नवा दोर प्रथम रात्रभर पाण्यात बुडवायचा. वनस्पतीच्या तंतूचा कोणताही दोर भिजला की तंतू फुगतात, दोर जाडीला वाढतो आणि पिळामुळे लांबीला आखडतो. कोरड्या दिवशी बेताची बसलेली म्होरकी पावसात आपोआप आवळते ती यामुळे. पोळ्याच्या रात्री आमच्या हातून जे घडले त्यात निम्मा वाटा पावसाचा होता. म्हणून हे आखडणे गोऱ्ह्याच्या तोंडावर होऊ न देता आधीच उरकून घ्यायचे. ओला दोर लिंब आणि खांब यांच्यामध्ये ताणून बांधायचा, मधोमध एक दगड टांगायचा, आणि वाळू द्यायचा. पुन्हा भिजवायचा, पुन्हा ताणायचा. दोन-तीनदा असे झाले म्हणजे दोराची खोड मोडते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ हे खरे असले तरी पिळाला नरम करता येते.

मग वाळल्या गवताचा जाळ करून दोर त्यावरून झपकन फिरवायचा. उभे तंतू जळतात, दोर जळत नाही. मात्र हात थांबला तर दोरही गेला. त्यावर तरटाच्या तुकड्याने घासायचे. शेवटी तेलाचा हात. आम्ही घरातले जवसाचे तेल घेऊन गेलो, तेव्हा काकांनी ते परत पाठविले. जवसाचे तेल वाळून कडक होते, रंगवाले ते त्यासाठीच वापरतात. दोराला एरंडेल पाहिजे, कारण ते वाळत नाही. तेही थोडे. फार लावले तर धूळ बसून दोराची कानस होते.

एवढे झाले तरी दोर अजून गोऱ्ह्याजोगा झालेला नसतो. त्याला आवळण्याची आणि सैल पडण्याची सवय हवी, आणि ती कामानेच लागते. काकांनी ती म्होरकी वाड्याच्या फाटकाला अशी अडकविली की, फाटक उघडताना ती आवळावी आणि लोटताना सैल व्हावी. घरातली दहा माणसे दिवसातून किती वेळा आत-बाहेर करीत असतील? प्रत्येक जण नकळत दोराला एक धडा देऊन जाई. आठ दिवसांनी ती आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या डोक्यावर गेली. त्याला कशाचेच काही वाटत नसे. मग एक दिवस काका म्हणाले, “हात दे.” मनगटाच्या वर दोर अडकविला, हिसका दिला, सोडला. तो खाली घसरला. त्या दिवशी दुसऱ्या एका गोऱ्ह्याचे शिक्षण सुरू झाले.

ते शिक्षणही थोडक्यात सांगतो, कारण त्यात दोराचेच काम आहे. नाकाडावरचा वेढा हाडावर बसला पाहिजे. खाली मऊ भागावर उतरला तर श्वास कोंडतो. आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. वासरू वाढते, दोर वाढत नाही. म्हणून महिनोन् महिने न काढलेली म्होरकी मांसात रुतते, आणि हे निष्काळजीपणाचे दृश्य आम्ही एकदा नव्हे अनेकदा पाहिले आहे. गळ्याच्या दाव्याला सरकगाठ कधीही देऊ नये; ओढ बसली की ती फास होते. पहिले दोन दिवस गोऱ्ह्याला म्होरकी नुसती घालून थोडा वेळ नजरेखाली हिंडू द्यावे. मग आखूड दोराने, त्याच्या डोळ्याच्या उंचीला, पक्क्या खांबाला बांधावे आणि जवळ बसून राहावे. चालवायची पाळी आली की समोरून ओढू नये. समोरून ओढलेला गोऱ्हा चारी पाय रोवतो, आणि त्याचे वजन तुमच्यापेक्षा जास्त असते. बाजूला ओढावे, तोल सावरायला त्याला एक पाय उचलावाच लागतो. तो पाय उचलला त्याच क्षणी दोर सैल. पाव तास पुरे. काका तेवढ्यात विडी विझवून उठत.

हे सारे केवळ खेड्यातल्या म्हाताऱ्यांचे शहाणपण आहे असे समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोअध्यक्षाच्या प्रकरणात वेसण घालणे, गोऱ्हा वळविणे आणि जुवाला लावणे या पायऱ्या वेगवेगळ्या मानलेल्या आहेत आणि प्रत्येकीला तिची वेळ आहे. आजच्या काळात अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या विदुषीने गुरांच्या भीतीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविले. नव्या वस्तूची जनावराला होणारी पहिली ओळख वाईट झाली तर ती पुसणे फार अवघड जाते, असे त्या सांगतात. आमच्या पांढऱ्या गोऱ्ह्याला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

वर्ध्याच्या माणसाने गुरांविषयी बोलावे आणि गांधीयुगाची आठवण काढू नये, हे शक्य नाही. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी १९३४ नंतर उभे केले, १९३८ साली मगन संग्रहालय निघाले, आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वारले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही घाणीच्या तेलाविषयी, गाईच्या दुधाविषयी, मेलेल्या जनावराच्या चामड्याविषयी पुष्कळ ऐकले. दोराविषयी ऐकले ते एका सालदाराकडून.

आणि मग नायलॉन आले. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स यांनी ते शोधून काढले. आमच्या आठवडी बाजारात त्याचे निळे, हिरवे, केशरी दोर दिसू लागले ते बरेच नंतर. नायलॉन म्हणा, प्लास्टिक म्हणा, बाजारात सगळ्याला एकच नाव. दोर स्वस्त, वजनाला हलका, कुजत नाही, उंदीर फारसा खात नाही, आणि मुख्य म्हणजे लगेच वापरता येतो. शेतकऱ्याने तो घेतला यात नवल नाही, आणि आम्ही त्याला दोषही देणार नाही. नाल्यात अंबाडी कुजविण्याइतके पाणी नाही, दोर ताणायला सालदार नाही, आणि कित्येक घरी ट्रॅक्टर आल्यावर बैलच नाही. पण ‘लगेच वापरता येतो’ हे खरे नाही. बारीक नायलॉनचा दोर नाकाडावर घासला की चटका देतो; घासल्याची ऊष्णता त्यात साठते. गुळगुळीत असल्याने साधी गाठ त्याच्यात निसटते, म्हणून लोक गाठीवर गाठ मारतात, आणि मग ती संकटाच्या वेळी सुटत नाही. कापलेले टोक उसवू नये म्हणून ते जाळून बंद करतात. तेथे काचेसारखा टणक मणी तयार होतो, आणि तो नेमका वासराच्या गालावर येतो. आणि अंबाडीचा दोर जुना होईल तसा मऊ होत जातो, हा मात्र उन्हात पडून खरखरीत होत जातो. म्हणजे एकाचे शिक्षण वयाबरोबर वाढते आणि दुसऱ्याचे उतरते.

नायलॉनच वापरायचे तर चपटा, विणलेला, दोन बोटे रुंद पट्टा घ्यावा, नाकाडाखाली कापड शिवावे, जळकी टोके आतल्या अंगाला येऊ देऊ नयेत, आणि मनगटावरची ती परीक्षा त्यालाही लावावी. दोर कशाचा आहे याबद्दल आमचा हट्ट नाही. तो सैल पडतो की नाही, एवढेच आम्ही विचारतो.

कायद्यानेही दोराची दखल घेतली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत पाठपुरावा केला आणि १९६० साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा झाला. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोराने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. वेसण घालण्याला मात्र ठरविलेल्या रीतीने मुभा आहे. कायदा लांबी पाहू शकतो, वजन पाहू शकतो. पीळ पाहणे कायद्याच्या आवाक्यात नाही, त्याला हातच लागतो. आमच्याकडच्या शंकरपटावर २०१४ साली बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा कायम केला. त्यानंतर गवळाऊ गोऱ्हे पाळण्याची हौस तरुणांत पुन्हा दिसते. गोंडे लावलेल्या, झगझगीत रंगांच्या म्होरक्या बाजारात टांगलेल्या असतात. हौसेला आम्ही हसत नाही. आम्हीही एक म्होरकी खाटेखाली लपविली होती. पण गेल्या पोळ्याला हिंगणीत एका मुलाने अशीच एक कोरी म्होरकी गोऱ्ह्याला घातलेली पाहिली, तेव्हा आमचे पाय आपोआप तिकडे वळले. आम्ही त्याचा हात मागितला. त्याला वाटले, आजोबा भविष्य पाहणार! मनगटाच्या वर दोर अडकवून हिसका दिला. मुलगा ‘अं’ म्हणाला, दोराकडे पाहिले, मग गोऱ्ह्याकडे पाहिले. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा होता. एरंडेल कोणत्या दुकानात मिळते, ते त्याला विचारायचे होते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा आवरते घेतो. या टेबलावर तीन म्होरक्या ठेवल्या आहेत. डावीकडची काळपट ती काकांची. आता ती गोऱ्ह्याच्या उपयोगाची राहिलेली नाही, पेड झिजले आहेत. मधली अंबाडीची, यंदाच वळून आणविलेली, अजून पाणी न लागलेली. उजवीकडची निळी बाजारातली. सभा संपल्यावर ज्यांना हवे त्यांनी पुढे येऊन एकेक मनगटावर अडकवावी, ओढावी आणि सोडून पाहावी. निळी मात्र मुलांच्या हाती देऊ नये, आणि मधली घालण्यापूर्वी हातातली बांगडी किंवा घड्याळ काढून ठेवावे.